साधी गाडी, इलेक्ट्रॉनिक्सशिवाय: गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

फोंड्यात माझं छोटं गॅरेज आहे. पावसाची पहिली सर आली की फोन सुरू होतात आणि दहातल्या चार फोनांचा शेवट एकाच वाक्याने होतो: "ती पूर्वीसारखी साधी गाडी आता मिळत नाही का हो?" तेच तेच फोनवर सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नसलेली नवी कोरी गाडी आज शोरूममध्ये मिळेल का?

नाही. गोव्यात नाही, बेळगावला नाही, देशात कुठेच नाही. धुराचा कायदा आणि सुरक्षेचा कायदा, दोन्ही आडवे येतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला आणि त्या मर्यादेत बसणारं इंजिन संगणकाशिवाय चालवता येत नाही (का, ते प्रश्न ३ मध्ये). सुरक्षेच्या बाजूने २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) आलं. त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग, बेल्ट न लावल्यास वाजणारा बझर, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा आला. ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत टूं-टूं करतो तो. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२२ सुरू होताच सक्तीची झाली.

जिप्सी आणि ओम्नी या दोन साध्या गाड्या २०१९ मध्येच बंद झाल्या, त्या मुख्यतः या सुरक्षेच्या अटींमुळे. १९८५ पासून चालत आलेल्या जिप्सीचे गोव्यात आजही चाहते आहेत. खाणपट्ट्यातले लोक तिची आठवण काढतात तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखा आवाज काढतात.

२. जुन्या फियाटमध्येही बॅटरी होती, वायरिंग होतं. मग "इलेक्ट्रॉनिक" म्हणजे वेगळं काय?

फियाटमध्ये वीज हमाली करायची: सेल्फ फिरवायचा, दिवे लावायचे, प्लगला ठिणगी द्यायची. ठिणगी कधी पडणार हे डिस्ट्रिब्युटरमधला कॅम ठरवायचा. कॅम फिरला, पॉइंट उघडले, कॉइलमधून झटका गेला. सगळं डोळ्यांनी दिसायचं, आणि पॉइंटमधलं अंतर बिघडलं तर पॉलिश पेपर आणि फीलर गेज घेऊन रस्त्याच्या कडेला नीट करता यायचं.

इलेक्ट्रॉनिक म्हटलं की विजेकडे हमालीबरोबर ठरवण्याचंही काम येतं. सेन्सर माहिती देतात, संगणकाचा डबा हिशेब करतो, इंजेक्टर आणि कॉइल हुकूम पाळतात. काटेकोर बोलायचं तर साध्या अल्टरनेटरमध्येही डायोड असतात, म्हणजे पहिल्या मारुती ८०० मध्येही थोडं इलेक्ट्रॉनिक्स होतंच. पण डायोडबद्दल माझ्याकडे कोणी तक्रार घेऊन येत नाही. तक्रार असते ती हिशेब करणाऱ्या डब्याची.

३. वर्षानुवर्षं कार्ब्युरेटरवर गाड्या चालल्याच की. हे ईसीएम (इंजिनाचा हिशेब करणारा तो डबा) घुसवलं कशाला?

सायलेन्सरच्या पाइपात बसवलेल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटकॉनसाठी. बाकी कारणं नंतरची.

पेट्रोल जळताना तीन घातक वायू निघतात: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. पहिल्या दोघांना ऑक्सिजन द्यावा लागतो, तिसऱ्याकडून काढून घ्यावा लागतो. कॅटकॉन हे दोन्ही एकाच वेळी करू शकतो, पण एका अटीवर. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हवी. थोडी हवा जास्त झाली की नायट्रोजनचे ऑक्साइड तसेच बाहेर पडतात, थोडं पेट्रोल जास्त झालं की बाकीचे दोन निसटतात. ही जागा अगदी अरुंद आहे.

कार्ब्युरेटर काही वाईट यंत्र नव्हे. ओढली जाणारी हवा स्वतःच पेट्रोल खेचून घेते, त्यात वायर नाही की मोटर नाही. पण त्याला आपण काय बनवलं ते कळत नाही. अनमोडचा घाट चढताना हवा विरळ होते, त्याला पत्ता नाही. जेट (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) झिजला, फ्लोट बिघडला, एअर फिल्टरमध्ये डिचोलीची लाल धूळ भरली, तरी तो आपला आधीसारखंच पेट्रोल ओततो. ईसीएमची युक्ती एवढीच की ते उष्टं चाखून पाहतं. धुराच्या वाटेत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो "हवा उरली" किंवा "हवा संपली" असं सांगतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते सेकंदात अनेकदा बदललं जातं. म्हणून मिश्रण १४.७ च्या आसपास हेलकावे खात राहतं.

आपल्याकडचा क्रम पाहिला तर हे पटतं. शिशामुळे कॅटकॉन निकामी होतो, म्हणून १९९५ मध्ये चार महानगरांत कॅटकॉन आले तेव्हा सोबत बिनशिशाचं पेट्रोलही आलं. फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं, आणि त्याच सुमारास मारुती ८०० कार्ब्युरेटर सोडून एमपीएफआयवर, म्हणजे ईसीएमच्या हुकमाने चालणाऱ्या इंजेक्टरवर गेली. १९८३ ला आलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती. म्हणजे ज्या ८०० ला लोक "साधी" म्हणून उसासे टाकतात, त्यांतल्या शेवटच्या चौदा वर्षांच्या गाड्यांत ईसीएम आहे. त्यांपैकी किती जणांनी ते उघडून पाहिलंय? बहुतेकांना ते कुठे बसवलंय हेही माहीत नसतं, इतकं ते गुमान काम करतं.

आणखी एक. जानेवारीतल्या पहाटे सत्तरीत चोक ओढून, पेट्रोल ओव्हर होऊन, प्लग काढून पुसत बसलेल्यांना विचारा. ते कार्ब्युरेटरची आठवण काढतात, पण परत मागत नाहीत.

४. म्हणजे कार्ब्युरेटरवर स्वच्छ इंजिन बनवणं अशक्यच होतं?

अशक्य नव्हतं, आणि हा अपवाद मला फार आवडतो. होंडाच्या सीव्हीसीसी इंजिनाने अमेरिकेची १९७५ ची मर्यादा कॅटकॉनशिवाय, कार्ब्युरेटरवर पाळून दाखवली. मुख्य सिलिंडरला लागून एक छोटी खोली. त्यात पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्वाळेने मोठ्या खोलीतलं पातळ मिश्रण जाळायचं. केवळ यांत्रिक हुशारी.

पण त्या वेळी नायट्रोजनच्या ऑक्साइडची अमेरिकी मर्यादा मैलाला ३.१ ग्रॅम होती, म्हणजे किलोमीटरला सुमारे १.९ ग्रॅम. बीएस-६ पेट्रोल गाडीला किलोमीटरला ०.०६ ग्रॅम. चाचणीची पद्धत वेगळी आहे हे धरूनही अंतर तीस पटींच्या घरात जातं. तिथवर ती हुशारी पोचली नाही.

दुसरा प्रयत्न बॉशच्या के-जेट्रॉनिकचा, १९७३ पासूनचा. इंजेक्शन होतं, पण यांत्रिक. हवेच्या वाटेत एक चकती, ती उचलली जाईल तसं पेट्रोल वाढायचं. व्होल्वोने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाचा नियम पाळायला तेच यंत्र वापरलं, तेव्हा त्याला ऑक्सिजन सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जोडावंच लागलं.

५. डिझेलला ठिणगीच लागत नाही. मग डिझेल गाडी तरी बिनसंगणकाची का नको?

खरोखर साधी गाडी म्हणजे जुनं डिझेलच. प्यूजोच्या परवान्याचं इंजिन असलेली महिंद्राची जीप आठवा. पंप इंजिनाने फिरणारा, इंजेक्टर दाबाने उघडणारे, आणि वीज लागायची ती सेल्फ, हीटर प्लग आणि इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडपुरती. टोयोटाचं १एचझेड हे ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन याच घराण्यातलं. आफ्रिकेत मदत संस्थांच्या ७० मालिकेतल्या लँड क्रूझरमध्ये ते वर्षानुवर्षं दिलं गेलं, कारण वाळवंटात स्कॅनर कुठून आणणार? पण जिथे धुराचा कायदा सैल, तिथेच ती गाडी विकता येते.

आताच्या कॉमन रेल डिझेलमध्ये दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. तुमच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज करा. एकाच स्फोटासाठी इंजेक्टर अनेकदा उघडतो-मिटतो. हे कॅम-स्प्रिंगचं काम नाही. वर बीएस-६ मध्ये काजळी धरणारी डीपीएफ आली. ती भरली की गरम करून जाळावी लागते आणि त्यासाठी गाडी सलग काही वेळ धावावी लागते. ज्यांचं फिरणं पणजी-पर्वरीपुरतंच आहे त्यांना मी बीएस-६ डिझेल घेऊ देत नाही. मग भले ते माझ्यावर रागावोत.

६. एबीएस आणि एअरबॅग यांत्रिक बनवता आल्या नसत्या का?

बनवल्या होत्या. विमानांसाठीचं डनलॉपचं मॅक्सारेट हे यांत्रिक एबीएस १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या गाडीत आलं. फोर्डने १९८६ च्या एस्कॉर्टमध्येही यांत्रिक एबीएस दिलं होतं. व्होल्वोची १९९० च्या दशकातली बाजूची एअरबॅग दार चेपलं की यांत्रिक पद्धतीने फुटायची.

मग मागे का पडल्या? कारण एअरबॅगला फुटायचं की नाही हे पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं. खड्डा, फेरीबोटीच्या धक्क्यावरचा दणका आणि समोरून आलेला ट्रक यांतला फरक ओळखावा लागतो. बेल्ट लावलाय का, हेही पाहावं लागतं. स्प्रिंग आणि गोळी यांच्याकडून एवढ्या पारखीची अपेक्षा धरता येत नाही.

भीती वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट: एबीएस बंद पडलं तरी ब्रेक लागतो, कारण पेडलपासून चाकापर्यंत तेलाची वाट तशीच आहे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग गेलं तर स्टिअरिंग जड होतं, पण चाकांशी जोडलेलंच राहतं.

७. आमच्याकडे शंभर-सव्वाशे इंच पाऊस, वर खारं वारं. अशा हवेत इलेक्ट्रॉनिक्स टिकतं तरी का?

डबा टिकतो. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा खराब होतात. या एका वाक्यासाठी मी हे सगळं पान लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी जुलैत दिवाडीहून एक गाडी टो करून आली. चालता चालता सगळे दिवे लागायचे, सुया नाचायच्या, गाडी बंद. एका मोठ्या वर्कशॉपने ईसीएम बदलायला सांगून आकडाही दिला होता. तो आकडा ऐकून मालक गाडी ठेवावी की विकावी या विचारात. मी बॅटरीची निगेटिव्ह पट्टी बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथला बोल्ट काढला. खाली पांढरी-हिरवी भुकटी. घासली, नवा बोल्ट, वर ग्रीस. गाडी अजून चालतेय. मी सांगितलेली मजुरी ऐकून मालकाने दोनदा विचारलं, एवढीच?

नव्या गाडीतले सेन्सर फार थोड्या व्होल्टेजवर बोलतात. अर्थिंग कच्चं असलं, वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिनेवर मीठ बसलं, की ते तोतरे होतात आणि ईसीएम चुकीचं ऐकतं. दोष शेवटी ईसीएमच्या माथी. कांदोळी, मोरजी, बेतूलसारख्या किनाऱ्याच्या गावांतल्या गाड्यांत हे डिचोली-साखळीच्या गाड्यांपेक्षा कितीतरी लवकर होतं. रोज चोडण किंवा दिवाडीची फेरी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की उन्हाळ्यात मांडवीचं पाणी खारट असतं. धक्क्यावर भरतीचं पाणी चाकाने उडालं तर त्या दिवशी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. पावसात नदी गोडी होते, तेव्हा एवढी घाई नाही.

मेच्या शेवटी एकदा गाडी आणा, किंवा घरीच करा: बॅटरीची टोकं आणि अर्थचे बोल्ट साफ करून ग्रीस लावणं, वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढणं (तिथलं पाणी तुंबलं की थेट आतल्या फ्यूजबॉक्सवर उतरतं), दारांच्या खालची भोकं मोकळी करणं.

आणि उंदीर. पावसात गरम बॉनेट त्यांना फुकटची खोली वाटते. वायरी कुरतडलेल्या गाड्या माझ्याकडे चवथीच्या आधी रांगेने येतात, कारण गावच्या घरी जायला त्याच वेळी गाडी बाहेर काढलेली असते. तंबाखूची पुडी बांधणं वगैरे करून पाहा. मला तरी त्याचा फारसा गुण दिसलेला नाही. रोज हलणाऱ्या गाडीत उंदीर सहसा घर करत नाही. हा उपाय मात्र चालतो.

रस्त्यावर साचलेल्या पाण्याचं वेगळं. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरात शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग गाडी १९६५ ची असो की २०२५ ची. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकला आणि फोन करा.

८. एक सेन्सर गेला की गाडी चोर्ल्याच्या घाटात थांबणार, खरं का?

सेन्सरवर अवलंबून. कूलंटचं तापमान सांगणारा गेला तर ईसीएम ठरलेला आकडा धरून चालतं. गाडी जास्त पेट्रोल खाते, पण घरी पोचवते. ऑक्सिजन सेन्सर गेला तरी तेच. ॲक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर बिघडला तर वेग दाबून ठेवते, रांगत आणते. खरा दगा देतो तो क्रँकचा सेन्सर, कारण पिस्टन कुठे आहे हेच कळलं नाही तर ठिणगी कधी द्यायची? तो गेला की इंजिन बंद. टाकीतला पेट्रोल पंप गेला तरी बंद. हा पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, म्हणून काटा कायम लाल रेघेवर ठेवणारे त्याचं आयुष्य स्वतःच कमी करतात.

जुन्या गाडीत पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर, पेट्रोलच्या यांत्रिक पंपाचा डायफ्रॅम यांपैकी काहीही गेलं की तीही थांबायचीच, आणि जास्त वेळा थांबायची. फरक एवढाच, की तेव्हा थांबलेली गाडी आपल्याला चालू करता यायची. या फरकाची किंमत मी कमी लेखत नाही.

९. बॅटरी उतरली तर नवी गाडी ढकलून चालू होते का?

मॅन्युअल गिअर असेल आणि बॅटरीत थोडा जीव असेल (डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण सेल्फ "टक" करून थांबतो) तर होते. ईसीएम आणि पंप जागे व्हायला थोडं व्होल्टेज हवंच. पूर्ण मेलेली बॅटरी असेल तर नाही. ऑटोमॅटिक तर कधीच नाही. यांत्रिक पंपाची जुनी डिझेल जीप उतारावर सोडली की चालू व्हायची, पण तिच्याही सोलेनॉइडला थोडी वीज लागे. जम्पर केबल डिकीत ठेवा. ढकलायला आताशा माणसंही मिळत नाहीत.

१०. आमच्या गावचा मिस्त्री दुरुस्त करेल, की प्रत्येक वेळी कंपनीच्या वर्कशॉपलाच जायचं?

इंजिनाचे बहुतेक दोष गावात निघतात. २०१३ पासूनच्या आपल्याकडच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी-२ चा सोळा पिनांचा सॉकेट असतो आणि साधा स्कॅनर त्यातून दोषाचा कोड वाचतो. पण कोड म्हणजे निदान नाही. "ऑक्सिजन सेन्सर, मिश्रण पातळ" असा कोड आला म्हणून सेन्सर बदलणारे खूप. दहा मिनिटं कान देऊन ऐकलं तर फाटक्या व्हॅक्यूम पाइपाची शिट्टी ऐकू येते.

अडतं ते पुढे. चिपची नवी किल्ली जुळवणं, एअरबॅगचं मॉड्यूल, काही गाड्यांत नवं ईसीएम बसवल्यावरची नोंदणी. इथे कंपनीचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड लागतो, आणि आमच्यासारख्यांना दार बंद. माझं भांडण इलेक्ट्रॉनिक्सशी नाही, या कुलपाशी आहे. कार्ब्युरेटरचं पुस्तक बाजारात मिळायचं. या डब्यांचं पुस्तक तिजोरीत असतं.

११. बरं, मग आजच्या नव्या गाड्यांतली त्यातल्या त्यात साधी कशी ओळखू?

सर्वांत खालचं मॉडेल घ्या, विक्रेता कितीही नाक मुरडो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, हाताने फिरवायच्या काचा, किल्लीने फिरवून चालू होणारं इग्निशन, ओढायचा हँडब्रेक. एसीची बटणं गोल फिरवायची असावीत, स्क्रीनमध्ये नसावीत. स्क्रीन बिघडली आणि सोबत पंखाही गेला, असे ग्राहक माझ्याकडे येऊ लागलेत. आपल्या मेच्या घामात ते सोसवत नाही. एअरबॅग आणि एबीएस मात्र कमी करायच्या यादीत धरू नका.

तुमच्या तालुक्यात त्याच इंजिनाच्या जुन्या गाड्या भरपूर फिरताना दिसतात का, तेही पाहा. म्हापशाच्या दुकानात ज्याचा सुटा भाग लगेच मिळतो ती गाडी साधी, माझ्या हिशेबात.

१२. वडिलांची कार्ब्युरेटरची ८०० आहे. ठेवू की काढू?

ठेवा, रोज चालवणार असाल तर. दिल्ली परिसरातला दहा वर्षांच्या डिझेलचा आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोलचा नियम गोव्याला लागू नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. मोटारगाडीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केलं गेलं. पीयूसी दर सहा महिन्यांनी. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना ते वर्षाचं मिळतं.

पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनी तिला विंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, पण मग ती रोजच्या बाजारहाटाला चालवता येत नाही. रोज वापरणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

आणि मुलांना मागे बसवून हायवेला नेणार असाल तर एवढंच सांगतो: त्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि पत्रा तुम्हाला माहीत आहे. गावात चालवा.

१३. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. कार्ब्युरेटरच्या गाडीला चालेल का?

साधेपणाचा तोटा इथे उघडा पडतो. इथेनॉलला जळायला १ ग्रॅमला ९ ग्रॅमच हवा लागते, पेट्रोलला १४.७. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० थोडं जास्त हवं. ईसीएमची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून हे ओळखून इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवते. कार्ब्युरेटर जुन्याच मापाने ओततो, मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं, पिकअपला अडखळतं. एक माप मोठा जेट टाकून ट्यूनिंग केलं की बरंच सुधारतं.

दुसरी गोष्ट रबराची. जुने पाइप, डायफ्रॅम आणि सील इथेनॉलमध्ये फुगतात, मग तडकतात. पेट्रोलचा गळणारा पाइप म्हणजे आगीशी खेळ, म्हणून इथेनॉल सोसणारे पाइप आधी टाका, जेटचं नंतर बघू. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय असतं काय! चार महिने झाकून ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

१४. नव्या गाडीचं ईसीएम काढून कार्ब्युरेटर बसवून द्याल का? किंवा नुसता कॅटकॉन तरी काढा.

नाही देणार, आणि हे विचारणारे दर महिन्याला एक-दोन असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांत असा बदल चालत नाही. अपघातात विमा कंपनी हेच कारण पुढे करील. तांत्रिकदृष्ट्याही त्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर बसवायला बहुधा जागाच नसते. कॅटकॉन काढला तर मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच ओरडतो आणि दिवा लागतो. मग दिवा फसवायचा, मग फसवण्यातलं काही बिघडायचं. साधेपणाच्या नादात गुंता वाढतो.

१५. इलेक्ट्रिक गाडी तर सगळ्यांत साधी, ना? गिअर नाही, ऑइल नाही.

यांत्रिक बाजूने हो. फिरणारे भाग मोजके. पण इलेक्ट्रॉनिक्स तिच्यात सर्वांत जास्त. बॅटरीचा डीसी प्रवाह मोटरसाठी एसी करणारा इन्व्हर्टर, आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस. लिथियमचे सेल राखणीशिवाय वापरणं धोक्याचं आहे, त्यामुळे "बिनसंगणकाची इलेक्ट्रिक" हा विचार सोडून द्या. पाण्याचं भय मात्र लोक धरतात तेवढं नाही. बऱ्याच बॅटरी पॅकना आयपी-६७ दर्जा असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतील अशी बांधणी. गाडी पुरात घालायचा तो परवाना नव्हे. कपलर आणि मीठ यांबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलेलं तिलाही लागू.

१६. आजची गाडी वीस-पंचवीस वर्षांनी दुरुस्त होईल का? ईसीएम बनवणंच बंद झालं तर?

या प्रश्नाला माझ्याकडे दिलासा देणारं उत्तर नाही. फियाटचा एखादा भाग मिळाला नाही तर लेथवर बनवून घेता येतो, आजही घेतो. ईसीएममधली चिप लेथवर बनत नाही. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा पडला तेव्हा नव्या गाड्यासुद्धा महिनोन्‌महिने अडकल्या होत्या. वीस वर्षं जुन्या मॉडेलसाठी कोण कारखाना उघडील?

तरी आज हाताशी येणाऱ्या २००० सालच्या आसपासच्या एमपीएफआय गाड्यांचा अनुभव बरा आहे. त्यांचे ईसीएम क्वचितच मेलेत. मेले तर भंगारातल्या त्याच मॉडेलचं बसतं. किंवा कोरडा पडलेला कपॅसिटर आणि सुटलेला सोल्डरचा डाग नीट करून तेच उठवणारे कारागीर आहेत. नव्या गाड्यांत ईसीएम, किल्ली आणि मीटर एकमेकांना ओळखतात, म्हणून भंगारातलं सहज बसत नाही. कुलपाबद्दल प्रश्न १० मध्ये ओरडून झालं आहे.

तुमच्या हातात असलेली एक गोष्ट: सर्व्हिस स्टेशनला गाडी धुवायला द्याल तेव्हा पोऱ्याला सांगा, बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप आत मारायचा नाही. इंजिन चकचकीत करून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे टो होऊन आलेल्या गाड्या मी मोजणं सोडून दिलंय.